आवणीच्या दिवसांत लेकराला भरवतं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातला तुमचा मित्रांचा गट दोन वर्षांपासून जव्हार-मोखाड्याकडच्या तीन पाड्यांवर दर दोन महिन्यांनी येतो. घरटी पौष्टिक पावडरचा डबा, बिस्किटांचे पुडे आणि शेंगदाण्याचे लाडू वाटतो. मुलांची वजनं तुम्ही स्वतः काट्यावर घेऊन वहीत लिहिता. परवा वही उघडली तर बहुतेक मुलं होती तिथेच, काही आणखी खाली. ‘आमचं चुकतंय काय, आणि यापेक्षा चांगलं काय देऊ?’

वही ठेवलीत यासाठी आधी शाबासकी. वाटप करून, फोटो काढून परतणारे मी पुष्कळ पाहिले. वजनं लिहून ती वाढली नाहीत हे कबूल करणारे तुम्ही दुसरे की तिसरे. म्हणून जरा लांबण लावूनच उत्तर देते.

मी मुख्यसेविका होते, म्हणजे अंगणवाड्यांच्या एका बीटची पर्यवेक्षिका. नोकरी लागली तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं, निवृत्त झाले तेव्हा पालघरात. पाडे तेच, फक्त टपालाचा पत्ता बदलला.

‘काय देऊ’ हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी ‘कधी’ आणि ‘कोणाच्या हातून’ हे विचारा. तुमच्या वहीतल्या नुसत्या तारखा वाचा, वजनं राहू द्या. ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल, आणि मग एकदम पुन्हा ऑक्टोबर. पावसात घाटाचा रस्ता नको म्हणून जून ते सप्टेंबर येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या चार महिन्यांत पोर हातचं जातं, नेमक्या त्या चार महिन्यांत तुमची गाडी ठाण्यात असते.

आमच्याकडे भुकेचं पंचांग आहे. भात, नागली (तुमची नाचणी), वरई दिवाळीच्या आगेमागे घरात येते. वारली, कोकणा, ठाकर घरांत थोडीबहुत जमीन असते, तिथे हे धान्य होळीपर्यंत, फार तर चैत्रापर्यंत पुरतं. बऱ्याचशा कातकरी खोपटांत तेवढंही येत नाही, कारण जमीनच नाही. खोपट उभं आहे ती जागासुद्धा पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीची. आषाढ लागला की कणगी रिकामी, काम म्हणजे फक्त आवणी (भाताची लावणी), लाकडं ओली, ओहोळ भरलेले. त्यातच हगवण आणि ताप. उन्हाळ्यात जेमतेम तग धरलेलं मूल एका हगवणीत घसरतं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गाजली, मंत्री आले, योजना आल्या. त्यानंतर योजनांची नावं कितीदा बदलली ते मोजायचं मी सोडून दिलं. आषाढ मात्र दरवर्षी ठरल्या वेळी येतो.

(कोणी म्हणेल, पावसात रानात खायला किती असतं! असतं ना. शेवळं, लोत, कुरडू, टाकळा, करटुली, ओहोळातले खेकडे. मोठ्या माणसांची पोटं त्यावर निभतात, आणि तुम्ही शहरातून येऊन रानभाज्यांचे महोत्सव करता तेही छान. पण दीड वर्षाचं पोर कुरडूच्या भाजीवर वाढत नाही.)

आता ‘कोणाच्या हातून’. एका आषाढात मी ठरवून एका घरी मुक्काम केला. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच घर, एकच मूल. दीड वर्षाची मुलगी, दंडाचा घेर ११.९ सेंटीमीटर, म्हणजे कुपोषित. आईने पहाटे तवलीत भात रांधला, चुलीशेजारी झाकून ठेवला आणि साडेसहाला इरलं घेऊन आवणीला गेली. बाप दुसऱ्याच्या नांगरावर. घरी उरली आठ वर्षांची बहीण. साडेदहाला तिने गार भात मीठ घालून कालवला. धाकटीने चार घास घेतले, पाचव्याला तोंड फिरवलं. उरलेला बहिणीने स्वतः खाल्ला. तिचंही काही चुकलं नाही, तीही भुकेलीच होती. दुपारी धाकटी रडायला लागली तेव्हा तिच्या हातात बिस्किट आलं, तुमच्यासारख्याच कुणीतरी दिलेलं. ते चोखत ती झोपली. पाच वाजता आई चिखलाने माखून आली, पोरीला छातीशी धरलं, तशीच चूल पेटवायला बसली. ओल्या लाकडांनी दोन तास घेतले. रात्री पेज.

तवलीत दुपारीही भात शिल्लक होता, हे मी तुम्हाला ठासून सांगते. फळीवर अंगणवाडीच्या आहाराचं पाकीटही होतं, फोडलेलं, थोडं वापरलेलं. तीन वाजता मला राहवलं नाही. मी भात मऊ चुरला, डाळीचं पाणी आणि दोन चमचे तेल घातलं आणि भरवायला बसले. अर्धा तास लागला. चिऊ-काऊ झालं, शेळी दाखवून झाली, दोनदा थुंकून झालं. पण वाटी संपली. घरात अन्न अपुरं होतंच, पण पोरीला कमी पडत होता तो हा अर्धा तास.

का कमी पडतो, तो हिशेबही बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ५५० उष्मांक लागतात. त्याचं पोट म्हणजे एक मोठी वाटी, आठ किलोच्या पोरात पाव लिटरच्या आतबाहेर. पातळ पेजेच्या वाटीत शंभरही उष्मांक नसतात. म्हणजे नुसत्या पेजेवर पोसायचं तर दिवसाला सहा-सात वाट्या लागतील, आणि आवणीच्या दिवसांत भरवलं जातं दोनदा. तुमची पावडर या दोन वेळांपैकी एका वेळेच्या पेजेत पडते. वजन वाढेल कुठून?

तेव्हा दोन गोष्टी हव्यात: प्रत्येक वाटी दाट, आणि वाट्या जास्त. दाट करायला बाजारातलं काही लागत नाही. चहाच्या चमच्याएवढ्या तेलात ४५ उष्मांक असतात. पण दाट लापशी पोर गिळत नाही, चिकट लागते, म्हणून आई पाणी घालते आणि पुन्हा पेज होते. यावर आमच्या अंगणवाडीताईंनी हाताशी धरलेला उपाय म्हणजे मोडाची नागली. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड काढायचे, उन्हात कडकडीत वाळवून दळायची. जास्त भाजायची नाही, भाजली की तिचा गुण जातो. चमचा उभा राहील अशी दाट लापशी शिजवून खाली उतरवायची, जरा निवली की या पिठाचा एक चमचा घालून ढवळायचं. चार-पाच मिनिटांत लापशी तुमच्या डोळ्यांदेखत सैल होते, पाण्याचा थेंब न घालता. मोड आलेल्या धान्यातलं पाचक द्रव्य पिठूळपणा तोडतं, म्हणून. मग एक उकळी काढायची आणि भरवायची. वाटी तेवढीच, ऐवज दुप्पट. पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘बाईंनी मंतर घातला.’ अडचण एकच: पावसात ऊन नसतं. हे पीठ मे महिन्यात करून डबे भरून ठेवावं लागतं. घराघरातून आलेली नागली, चार बाया, एक गिरणी. खर्च किती, तर तुमच्या एका फेरीच्या डिझेलमध्ये भागेल.

वाट्या वाढवायच्या तर हात हवेत, आणि इथे तुमचा पैसा खरा कामाला येईल. अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना बसवते, खाऊ घालते. सहा महिने ते तीन वर्षं, म्हणजे मूल सगळ्यात वेगाने ढासळतं ते वय, त्याचा आहार घरी दिला जातो. घरी कोण आहे ते वर सांगितलंच. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी यावर ‘फुलवारी’ काढल्या: गावातलीच बाई दहाएक लहान मुलं दिवसभर सांभाळते आणि तीन-चार वेळा भरवते. आई निर्धास्त कामाला, थोरली बहीण शाळेत. पुढे तिथल्या सरकारनेही ही कल्पना उचलली. आमच्या पाड्यांवर अशी पाळणाघरं आवणी ते कापणी एवढ्या काळापुरती जरी चालली, तरी पुष्कळ. पाड्यावरच्या दोन बायांना चार महिन्यांची मजुरी द्या. कुपोषणात तज्ज्ञ वगैरे नकोत, नातवंडं वाढवलेल्या, आवणीचं वाकणं आता झेपत नाही अशा बाया बघा. दोघीच हव्यात, एकटीवर सोडू नका. एक आजारी पडली की पाळणाघर बंद पडतं आणि ते मग उघडत नाही. वर डाळ, तेल, अंडी आणि कोरडी लाकडं. लाकडं विसरू नका. आम्ही असं पाळणाघर चालवलं तेव्हा पहिल्या वर्षी मी विसरले होते, आणि ते तीन दिवस धुरात बसलं.

दुसरा काळ दिवाळीनंतरचा. तुम्ही डिसेंबरात येता आणि निम्मी घरं कुलूपबंद, म्हणजे काटकी लावलेली, दिसतात. तुमच्या वहीत ‘गैरहजर’ अशी नोंद आहे. ते गैरहजर नाहीत, ते भट्टीवर हजर आहेत. पावसाळ्यात धान्य संपलं, कोणी आजारी पडलं की भट्टीवाल्या शेठकडून उचल घेतली जाते, आणि दिवाळी झाली की ती फेडायला जोडपं लहान मुलांसकट भिवंडी, वसई, वाडा, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. काम पहाटे, गारा मळायचं. तान्हं बाळ साडीच्या झोळीत, वर विटांची भुकटी. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात नाव आहे पण मूल नाही, भट्टीजवळच्या अंगणवाडीत मूल आहे पण नाव नाही. कायद्याने कोणत्याही अंगणवाडीला स्थलांतरित मुलाला आहार द्यावाच लागतो. पण तिथल्या ताईला कळणार कसं, की विटांच्या त्या थप्पीमागे सहा पोरं आहेत? माझ्या बीटमधल्या एका अंगणवाडी सेविकेने एकदा स्वतः एसटीने जाऊन अशी यादी तिकडच्या सेविकेच्या हातात दिली होती. तिला त्याचा प्रवासखर्चही मिळाला नाही, उलट ‘मुख्यालय सोडून का गेलात’ म्हणून लेखी खुलासा मागितला गेला. तुमच्याकडे गाडी आहे, तुम्हाला खुलासा मागणारं कोणी नाही. ठाण्याहून भिवंडी जव्हारपेक्षा जवळ. दिवाळीआधी पाड्यावर यादी करा: कोणतं मूल, कोणत्या भट्टीवर. जानेवारीत तीच यादी घेऊन भट्टीवर जा, मुलांच्या दंडाचा घेर मोजा, जवळच्या अंगणवाडीताईशी गाठ घालून द्या. शेठशी भांडायला जाऊ नका. तुम्ही निघून जाल, ते तिथेच राहणार आहेत.

रेशनचं थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही आणि तो असायला हवा होता. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. अंत्योदय कार्डाला (सगळ्यात गरीब घरांचं ते) महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम, कष्टाच्या माणसाला ते पुरत नाहीच, पण आषाढात तेवढंच असतं. आणि तेही नाव कार्डावर असेल तर. तरुण जोडप्यांचं कार्ड तपासा. लग्न झालं, वेगळं खोपट झालं, पण नवऱ्याचं नाव बापाच्या कार्डावर, बायकोचं माहेरी, पोरांचं कुठेच नाही. चार तोंडांना धान्य शून्य. माझ्या अनुभवात सगळ्यात सुकलेली मुलं अशाच नव्या खोपटांत सापडली. कातकरी घरं असतील तर त्यांचं कार्ड अंत्योदयच आहे ना, ते बघा: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन आदिम जमाती, आणि अशा कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २००३ चा आदेश आहे. भट्टीवर असताना तिथल्या दुकानातूनही अंगठा लावून आपलं धान्य उचलता येतं, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांचा वाटा इथे घ्यावा. हे किती जणांना माहीत आहे ते पाड्यावर विचारून बघा. तुमच्यातल्या एखाद्या कागदपत्रात मुरलेल्या माणसाने, बँकेतला निवृत्त कोणी असेल तर उत्तम, महिन्याला दोन दिवस तहसीलमध्ये बसून दहा कार्डं दुरुस्त करून घेतली, तर त्या दहा घरांत दरमहा पोतं येईल. लाडू एकदाच येतात.

आता तुमच्या काट्याबद्दल, आणि माझ्या एका चुकीबद्दल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तीन वर्षांच्या मुलाचं वजन महिन्यात सातशे ग्रॅमनी वाढलेलं दिसलं. मी खूश. त्या काळात वरून दर महिन्याला विचारणा व्हायची, तीव्र श्रेणीतली मुलं कमी का होत नाहीत. आकडा वाढला की बोलणी खावी लागायची, कमी झाला की चहा मिळायचा. मी त्याला ‘सुधारणा’ लिहून वरच्या श्रेणीत घातलं. आठ दिवसांनी सेविका धावत आली. पोराच्या पायांना सूज होती. वाढलेलं वजन अंगात साठलेलं पाणी होतं. तीन आठवडे तो दवाखान्यात होता, वाचला, पण माझ्या अकलेने नव्हे. तेव्हापासून मी काट्याआधी पाय बघते: दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरा, काढल्यावर खड्डा राहिला तर वजन कितीही असो, मूल तीव्र कुपोषित आहे आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आहे. मग दंडाचा घेर मोजायची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षं, डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी सैल नको, रुतायला नको. ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळं. लाल मूल मलूल असेल, खायला तोंडच उघडत नसेल, ताप असेल, तर त्याला घरी लाडू चारत बसू नका. पार सुकलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर ते दगावू शकतं. दवाखान्यात म्हणूनच त्याला आधी थोडं थोडं, ठरलेल्या ताकदीचं दूध देऊन सावकाश वाढवतात. लाल असूनही हसरं आणि भुकेलं असेल, तर आशा (गावची आरोग्य कार्यकर्ती) किंवा एएनएमला (आरोग्य उपकेंद्राची नर्स) दाखवून ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे गावातच.

पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे अशा मुलांना ठेवून घेणाऱ्या दवाखान्यात, न्यायचं म्हटलं की आई नको म्हणते, आणि आपण तिला अडाणी ठरवतो. तिला विचारा ना का. तिच्या मागे दोन पोरं घरी आहेत, आवणीची मजुरी बुडते, सासू म्हणते आधी भगताला दाखव. बुडीत मजुरीची तरतूद आहे पण हातात उशिरा पडते. तुमच्या गटाने दोन आठवड्यांची मजुरी तिच्या हातात आधीच ठेवली आणि मागच्या पोरांना पाळणाघरात घेतलं, तर बहुतेक आया उठून चालू लागतात. भगतालाही सोबत घ्या. त्याला पट्टी वापरायला शिकवली तर लाल मूल तो स्वतः पाठवतो. माझ्या बीटमध्ये दोघे पाठवायचे.

वाटपातलं काय थांबवायचं, ते सांगते. बिस्किटं लगेच. त्यांनी भूक मरते आणि जेवणाची वाटी राहते. पावडरचे डबे संपले की नवे आणू नका. बाळांसाठी दुधाची पावडर आणि बाटली तर चुकूनही वाटू नका. १९९२ च्या कायद्याने त्यांचं फुकट वाटप बंद आहे, आणि ओहोळाच्या पाण्यात कालवलेली बाटली म्हणजे हगवण. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वर पाणीसुद्धा नको. त्याऐवजी आईच्या जेवणाकडे बघा. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण असतं, मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडी किंवा केळी. तुमच्या तीन पाड्यांवर ते रोज शिजतं का, की पैसे न आल्याने बंद आहे, हे ताईला एकटीला गाठून विचारा, चारचौघांत नको. बहुतेकदा तीच पदरमोड करून वाण्याकडे उधारी चालवत असते. ती उधारी फेडायला हातभार लावलात तर चूल पेटती राहते.

लाडू राहू द्या. मुलांना आवडतात, आणि रिकाम्या हाताने पाड्यावर जाववत नाही हे मलाही कळतं.

पुढची फेरी मेच्या पहिल्या आठवड्यात करा, डबे न घेता. चार बाया, नागली आणि गिरणी तेव्हाच जमवायला हवी. मोखाड्याकडे पाऊस सुरू झाला की पाड्याच्या अलीकडचा ओहोळ गाडी पुढे जाऊ देत नाही, तेव्हा डाळ-तेल त्याआधीच पलीकडे पोचवा. आणि गटातला एक माणूस असा निवडा, ज्याला जुलैत गुडघाभर पाण्यातून चालत यायला हरकत नाही. वही त्याच्याकडे द्या.